यूट्यूबचं चित्र अडकतंय, आवाज मात्र चालू. संगणक बदलू का?

निवृत्त_कारकून (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. तांत्रिक धागा काढायची ही माझी पहिलीच वेळ, चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

घरी २०१४ साली जोडून घेतलेला डेस्कटॉप आहे. आय५-४५९०, ८ जीबी रॅम, मागच्या वर्षी एसएसडी टाकली, विंडोज १०. वेगळं ग्राफिक कार्ड नाही. मेल, पेपर, बँकेची कामं सगळं सुरळीत. पण गेले दोन-तीन आठवडे क्रोममध्ये यूट्यूब लावलं की चित्र अडखळतं. गायक तान घेतो, समेवर येतो, टाळ्या पडतात, आणि चित्रात त्याचा हात अजून वरच. आवाजाला काहीही होत नाही. पाच मिनिटांत कॅबिनेटचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घुमायला लागतो आणि ही आतून विचारते, "आज काय दळताय?"

गंमत म्हणजे जुनी, धुरकट रेकॉर्डिंग बिनबोभाट चालतात. अलीकडच्या, चकचकीत चित्रीकरणाच्या मैफली मात्र अडकतात.

दुकानातल्या मुलाला घरी बोलावलं. त्याने दहा मिनिटं टिचक्या मारल्या, तीनशे रुपये घेतले आणि म्हणाला, "काका, म्हातारं झालंय, पस्तीस हजारात नवीन बसवून देतो." हे म्हणताना तो माझ्याकडे बघत होता, ते जास्त लागलं.

बदलायला हवा का? की काही करता येईल?

बोळातला_बोका

नेट तपासा. राउटर बंद करून दहा मिनिटांनी चालू करा. माझे ९० टक्के प्रॉब्लेम असेच सुटतात.

सहज_सुचलं

+१. आणि कॅश साफ करा.

तर्कटराव

कॅश साफ करणे हा संगणकातला सुंठ-गूळ आहे. कशावरही देतात, अपाय नाही म्हणून.

बोकोबा, नेटचा दोष असता तर आवाजही थांबला असता आणि मधोमध गोल चक्र फिरलं असतं. इथे आवाज पुढे जातोय, म्हणजे माल घरी पोचलाय, पिशवी सोडायला माणूस कमी पडतोय. काका, खालच्या लाल रेघेच्या पुढची करडी पट्टी लांबवर गेलेली दिसते का? दिसत असेल तर नेटला शिव्या देणं थांबवा.

निवृत्त_कारकून

करडी पट्टी भरपूर पुढे आहे. नेट निर्दोष मुक्त.

उपद्व्यापी

काका, माझं पोटापाण्याचं काम व्हिडिओचंच आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

व्हिडिओ जसाच्या तसा कुणी पाठवत नाही. वाण्याच्या वहीत पहिली ओळ पूर्ण असते आणि खाली नुसतं "वरीलप्रमाणे, साखर अर्धा किलो जास्त". तसंच हे. एक चित्र पूर्ण, पुढच्या चित्रांत फक्त काय हललं, कुठे सरकलं, एवढीच नोंद. ती वही वाचून सेकंदाला ३० किंवा ६० पूर्ण चित्रं पुन्हा मांडणं म्हणजे डीकोडिंग. हे काम दोघं करू शकतात. एक सीपीयू, जो काहीही करतो पण घाम गाळून. दुसरं ग्राफिक चिपमधलं खास त्याच कामाचं सर्किट, जे चूपचाप आणि गार राहून करतं. त्या दुसऱ्याला काम देणं म्हणजे हार्डवेअर ॲक्सिलरेशन.

पण ते सर्किट म्हणजे चकलीचा सोऱ्या. ज्या चकत्या डब्यात आल्या, तेवढेच प्रकार पडतात. तुमच्या आय५-४५९० मध्ये इंटेल एचडी ४६०० ग्राफिक्स आहे. त्या डब्यात एच.२६४ ची चकती आहे, म्हणजे व्हिडिओची ही वही लिहिण्याची एक पद्धत (अशा पद्धतीला कोडेक म्हणतात). ते मानक २००३ चं, त्यामुळे ती जवळजवळ सगळ्यांकडे असते. व्हीपी९ ची नाही, ते २०१३ मध्ये पक्कं झालं तोवर तुमच्या चिपचा आराखडा तयार होता. एव्ही१ तर २०१८ चं.

आधी बघू तुमचा सोऱ्या चालू तरी आहे का. क्रोमच्या ॲड्रेस बारमध्ये इंग्रजीत क्रोम, मग कोलन, दोन तिरप्या रेघा आणि जीपीयू असं लिहून एंटर मारा. वरच्या यादीत "व्हिडिओ डीकोड" समोर काय लिहिलंय ते सांगा.

निवृत्त_कारकून

लिहिलं. "क्रोम डोअर हँडल घाऊक दर" असे निकाल आले.

तर्कटराव

काका, कीबोर्ड मराठीत राहिला.

बोळातला_बोका

दर काय आहे पण?

निवृत्त_कारकून

आता उघडलं. यादीत बहुतेक ओळी लाल आहेत. व्हिडिओ डीकोडसमोर "सॉफ्टवेअर ओन्ली, हार्डवेअर ॲक्सिलरेशन डिसेबल्ड". मी कधीही काही बंद केलेलं नाही.

उपद्व्यापी

तुम्ही नसेल केलं. तीनशे रुपयांच्या टिचक्या कुठे पडल्या ते कळलं. सेटिंग्ज, मग सिस्टिम, तिथे "यूज ग्राफिक्स ॲक्सिलरेशन व्हेन अव्हेलेबल" चालू करा आणि शेजारचं रीलाँच दाबा. ते दाबल्याशिवाय फरक पडत नाही.

घाटमाथा

थांबा थांबा. मी उलट सांगेन, ते बंदच ठेवा. माझ्या ऑफिसच्या मशीनवर ग्राफिक ड्रायव्हर अपडेट झाल्यावर क्रोम उघडलं की अख्खी खिडकी काळी व्हायची. नुसतं मेन्यूवर माउस नेला की तेवढा चौकोन उजळायचा, उंदीर बिळातून डोकावल्यासारखा. ॲक्सिलरेशन बंद केलं, विषय संपला. दोन वर्षं झाली, काही अडलेलं नाही.

तर्कटराव

गुडघा दुखतो म्हणून पाय बांधून ठेवलात, आणि म्हणता चालताना दुखत नाही.

घाटमाथा

चालतच नाही मी. ऑफिसात व्हिडिओ बघायला वेळ कुणाला आहे?

उपद्व्यापी

घाटमाथा, तुमचा अनुभव खोटा नाही, पण ॲक्सिलरेशन ही एक वस्तू नाही. पानावरची अक्षरं, चित्रं, स्क्रोल यांचा अंतिम पट रंगवणं हे एक काम, व्हिडिओ डीकोड करणं हे वेगळं. सेटिंगमधला खटका दोन्ही एकदम पाडतो. क्रोमच्या फ्लॅग्ज पानावर फक्त व्हिडिओ डीकोडचा वेगळा खटका आहे. व्हिडिओच हिरवट किंवा चौकडीचा दिसत असेल तर तेवढाच पाडून बघायचा. तुमचं तर सगळं पानच काळं होत होतं, म्हणजे बहुधा रंगवण्यात गडबड. ड्रायव्हरची आधीची आवृत्ती परत टाकली असती तरी भागलं असतं.

सहज_सुचलं

अवांतर: ओटीटीवरच्या सिनेमाचा स्क्रीनशॉट घेतला की काळा चौकोन येतो, तेही हेच का?

उपद्व्यापी

नाही, तो मुद्दाम लावलेला पडदा आहे, कॉपी होऊ नये म्हणून. त्यावर इथे लिहिणार नाही.

सहज_सुचलं

बरं. मी आपलं एका मैत्रिणीसाठी विचारत होते.

निवृत्त_कारकून

चालू केलं. लाल ओळी बऱ्याचशा हिरव्या झाल्या. व्हिडिओ डीकोडसमोर "हार्डवेअर ॲक्सिलरेटेड" आलं. पान वर-खाली करताना पूर्वीसारखं लोण्यासारखं सरकतं. उपद्व्यापीताई, शतशः आभार.

पण मैफल अजून अडकतेच. थोडी कमी, पण अडकते. पंखाही दळतोय.

घाटमाथा

😌

पेंग्विन_पाटील

लिनक्स टाका.

तर्कटराव

आले! चौदावा प्रतिसाद होऊनही पाटील दिसले नाहीत म्हणून काळजीत होतो.

बोळातला_बोका

मी मोजले, विसावा होता.

गारवा

काका, कॅबिनेट शेवटचं कधी उघडलं होतं? माझ्या २०१५ च्या मशीनचंही असंच व्हायचं. उघडून बघितलं तर प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीची अख्खी गोधडी, आणि एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) बाजूला पालीची दोन अंडी. ब्रशने झाडलं, थर्मल पेस्ट नवी लावली. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो, मग आधी जमणारं कामही जमेनासं होतं. सत्तर-ऐंशी रुपयांच्या पेस्टमध्ये काम झालं. अंडी आईच्या आग्रहास्तव कुंडीमागे स्थलांतरित केली. पुढे काय झालं माहीत नाही, पण घरात पालींना तोटा नाही.

निवृत्त_कारकून

गारवा, रविवारी उघडतो. हिला अंड्यांबद्दल सांगत नाही.

उपद्व्यापी

धूळ काढाच, पण मूळ कारण वेगळं वाटतंय. क्रोमच्या त्या पानावरचं "हार्डवेअर ॲक्सिलरेटेड" अर्धंच सांगतं. त्याचा अर्थ एवढाच की सोऱ्या चालू आहे. कोणत्या चकत्या आहेत ते त्याच पानावर खाली "व्हिडिओ ॲक्सिलरेशन इन्फर्मेशन" मध्ये आहे. तिथे डीकोडच्या ओळींत एच२६४ दिसेल, व्हीपी९ दिसणार नाही, असा माझा अंदाज.

आता अडकणारी मैफल लावा, चित्रावर उजवं बटण दाबा आणि "स्टॅट्स फॉर नर्ड्स" निवडा. वर डाव्या कोपऱ्यात काळी चौकट येईल. त्यात कोडेक्स, करंट रेस (चित्राचा आकार) आणि ड्रॉप्ड फ्रेम्स या तीन गोष्टी उतरवून काढा.

निवृत्त_कारकून

चौकटीत दिसलं ते जसंच्या तसं:
कोडेक्स: व्हीपी०९ आणि पुढे आकडे.
करंट रेस: ३८४० बाय २१६०, ६०.
ड्रॉप्ड: २७१० पैकी ११४३.

खालच्या यादीत व्हीपी९ नाही, तुमचा अंदाज बरोबर. ११४३ चित्रं कुठे गेली?

उपद्व्यापी

टाकून दिली. सीपीयूला वेळेत मांडता आली नाहीत, आवाज तर पुढे गेलेला, मग उशिरा आलेलं चित्र दाखवून उपयोग काय? म्हणून तुमच्या गायकाचा हात वरच राहतो.

पण काका, २१६० कुठून आलं? यूट्यूब ऑटोवर असलं तर नेटचा वेग आणि खिडकीचा आकार बघून दर्जा ठरवतं. २०१४ च्या मशीनला कुणी ४के लावलं? तुमचा मॉनिटर कोणता?

निवृत्त_कारकून

मॉनिटर तर नवाकोरा आहे, त्याचा काय संबंध? दिवाळीत चिरंजीवांनी बंगळुरूहून पाठवला, २७ इंची. आधीचा १९ इंची जुना होता, तो आता हिच्या शिलाई मशीनमागे आहे.

तर्कटराव

🤦

दिवाळी होऊन किती आठवडे झाले, मंडळी?

बोळातला_बोका

दोन-तीन.

गारवा

म्हणजे म्हातारा संगणक निर्दोष. नव्या सुनेने घर बदललं.

सहज_सुचलं

गारवा, ही उपमा मागे घ्या.

गारवा

घेतली. नव्या जावयाचे लाड पुरवता पुरवता सासरे दमले, असं करू.

उपद्व्यापी

चला, कोडं सुटलं. जुन्या मॉनिटरचा पडदा बहुधा १३६६ बाय ७६८ असणार. तेवढ्या खिडकीला यूट्यूब ७२०पी द्यायचं. ते व्हीपी९ मध्ये आलं तरी तुमचा सीपीयू एकटा सहज ओढायचा. आता पडदा ३८४० बाय २१६०, म्हणजे प्रत्येक चित्रात सुमारे ८३ लाख ठिपके, १०८०पी च्या चौपट. आणि सेकंदाला ६० चित्रं. जुनी धुरकट रेकॉर्डिंग का चालतात तेही आलं लक्षात? ती मुळातच लहान आहेत, पडदा कितीही मोठा असो.

वर आणखी एक मेख. १०८०पी पर्यंत यूट्यूब एच.२६४ ची प्रत ठेवतं. त्याच्या वर फक्त व्हीपी९ किंवा एव्ही१. म्हणजे तुमच्याकडे जी चकती आहे, ती ४के च्या पिठाला चालतच नाही. कितीही ड्रायव्हर बदला.

घाटमाथा

हा मुद्दा मला माहीत नव्हता. पण हे असं का? सगळं एच.२६४ मध्येच का देत नाहीत?

उपद्व्यापी

दोन कारणं. एच.२६४ वर पेटंटची रॉयल्टी आहे आणि त्याच दर्जासाठी ते जास्त डेटा खातं. गूगलने ऑन२ नावाची कंपनी २०१० मध्ये विकत घेतली, तिच्या घराण्यातून पुढे व्हीपी९ आलं, बिनरॉयल्टीचं. एव्ही१ त्याचा पुढचा अवतार, त्यात अनेक कंपन्या एकत्र आहेत. पाठवणाऱ्याचा डेटा वाचतो, उलगडणाऱ्याचे कष्ट वाढतात. ते कष्ट तुमच्या पंख्याच्या आवाजात ऐकू येतात.

निवृत्त_कारकून

एकच राहिलं. नवा मॉनिटर आल्यापासून माउसचा बाण पाय ओढत चालल्यासारखा वाटतो. डोळ्यांचा भास म्हणून गप्प होतो. हेही त्यातलंच का?

तर्कटराव

भास नाही. एचडीएमआयची वायर आहे ना? तुमच्या पिढीच्या बोर्डवर एचडीएमआय १.४ असतं. त्यातून ४के चित्र सेकंदाला जास्तीत जास्त ३० वेळा जातं. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा, ३० हर्ट्झ दिसेल. म्हणजे सीपीयू घाम गाळून ६० चित्रं मांडायला जातोय आणि पडदा त्यातली निम्मीच दाखवू शकतो. बोर्डला डिस्प्लेपोर्ट असेल तर त्या वायरने ६० मिळतील, पण स्वस्तातल्या बोर्डांना बहुतेक नसतो.

नसेल तर रिझोल्यूशन १९२० बाय १०८० करा, ६० हर्ट्झ आपोआप मिळेल. ४के पडद्यावर बरोबर चार ठिपक्यांचा एक ठिपका होतो, त्यामुळे अक्षरं फार बिघडत नाहीत.

उपद्व्यापी

+१. एका दगडात दोन पक्षी. पडदाच १०८०पी झाला की यूट्यूबही ऑटोवर १०८०पी च्या वर जाणार नाही. आता उरलं एवढंच की ते १०८०पी एच.२६४ मध्ये यावं. त्यासाठी एच२६४-इफाय नावाचं छोटं एक्स्टेंशन आहे. यूट्यूब विचारतं, "बाबा, तुला काय काय खाता येतं?" हे एक्स्टेंशन ब्राउझरतर्फे सांगतं, "फक्त एच.२६४". बस. त्यात ६० फ्रेम्स नको असाही खटका आहे, पण तो आधी लावू नका, गरज पडणार नाही.

एक्स्टेंशन नको असेल तर यूट्यूबच्या खात्यात प्लेबॅकच्या सेटिंगमध्ये एव्ही१ चा पर्याय असतो, पण तिथे व्हीपी९ टाळता येत नाही, म्हणून तुम्हाला एक्स्टेंशनच बरं.

मग टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर जा. तिथे व्हिडिओ डीकोडचा वेगळा आलेख आहे. मैफल चालू असताना तो वर चढला आणि सीपीयू खाली बसला, तर जिंकलो.

खर्चिक_खंडू

एवढी सर्कस कशाला? ग्राफिक कार्ड टाका की एखादं. दोन जीबीचं जुनं जीटी ७१० स्वस्तात मिळतं.

तर्कटराव

खंडोबा, नेमकं तेच नको. जीटी ७१० मध्ये व्हीपी९ ची चकतीच नाही. पैसे जातील आणि पंखा दळतच राहील. कार्डावरचा दोन जीबीचा आकडा इथे कामाचा नाही, आत कोणतं डीकोडर आहे ते कामाचं. जीटी १०३० ला व्हीपी९ जमतं, एव्ही१ नाही. एव्ही१ हवं असेल तर इंटेलचं आर्क ए३१० किंवा ए३८०, एनव्हिडियाची आरटीएक्स ३००० मालिका वगैरे. आणि नवं कार्ड म्हणजे सगळं असेलच असं धरू नका. एएमडीच्या आरएक्स ६००० मालिकेत एव्ही१ आहे, पण त्याच मालिकेतल्या धाकट्या ६४०० मधून ते काढून टाकलंय.

आणि कार्ड टाकलंच तर मॉनिटरची वायर कार्डात खोचा, बोर्डात नाही. हसू नका, ही चूक मी स्वतः केलीय. दोन महिने मित्राला सांगत फिरत होतो की कार्डाने काही फरक पडत नाही.

खर्चिक_खंडू

मग सेकंडहँड, सातव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचं ऑफिसवालं मशीन? त्यात व्हीपी९ आहे ना?

उपद्व्यापी

आहे, सातव्या पिढीपासून इंटेलमध्ये व्हीपी९ पूर्ण हार्डवेअरमध्ये आहे. एव्ही१ साठी अकराव्या पिढीपर्यंत यावं लागतं. पण सातवी पिढी घेऊन विंडोज ११ अधिकृतपणे मिळत नाही, त्याला साधारण आठवीपासून पुढचं लागतं. म्हणजे एक अडचण सोडवून दुसरी विकत घेणं.

पेंग्विन_पाटील

आता बोलू का? विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. काकांच्या चौथ्या पिढीला विंडोज ११ चा रस्ता बंद. बँकेची कामं त्याच मशीनवर करतात असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय, आणि एवढ्या प्रतिसादांत कुणी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. लिनक्सवर फायरफॉक्सने जुलै २०२३ च्या ११५ आवृत्तीपासून इंटेल ग्राफिक्ससाठी हार्डवेअर डीकोडिंग आपणहून चालू ठेवलंय. काकांच्या चिपला आय९६५ नावाचा जुना व्हीए-एपीआय (लिनक्समधली हार्डवेअर डीकोडिंगची सोय) ड्रायव्हर लागेल, नवा आयएचडी पाचव्या पिढीपासूनचा आहे. टर्मिनलमध्ये व्हीएइन्फो चालवलं की चकत्यांची यादी मिळते.

चेष्टा करा, पण यात चूक काय ते सांगा.

तर्कटराव

चूक काहीच नाही. माझे शब्द मागे. व्हिडिओपेक्षा हा मुद्दा मोठा आहे.

निवृत्त_कारकून

पाटीलसाहेब, नोंद घेतली. बँकेचं काम तूर्त फोनवर हलवतो. लिनक्ससाठी जानेवारीत चिरंजीव आले की बसवतो त्यांना.

आजचा अहवाल: कॅबिनेट उघडलं. गोधडी होती, अंडी नव्हती, एक वाळलेलं झुरळ आणि २०१४ ची हमीची पावती मिळाली. बोर्डला डिस्प्लेपोर्ट नाही. ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये खरोखर ३० हर्ट्झ होतं. १९२० बाय १०८० केलं, ६० आलं, माउसचा लंगडेपणा त्याच क्षणी गेला. अक्षरं मोठी झाली, हे मला तर बरंच आहे. एक्स्टेंशन टाकलं.

तीच मैफल लावली. काळ्या चौकटीत आता एव्हीसी१ (म्हणजे एच.२६४), १०८०, ६०. दहा मिनिटांत ड्रॉप्ड फ्रेम्स ४, तेही सुरुवातीलाच. सीपीयू आधी पंचाण्णवच्या घरात असायचा, आता बारा-पंधरा. व्हिडिओ डीकोडचा आलेख वीसच्या आसपास रेंगाळतोय. समेवर हात आणि आवाज एकत्र आले. ही आतून म्हणाली, "आज गिरणी बंद का?"

चिरंजीवांचा फोन आला होता. "बाबा, ४के कसा दिसतोय?" म्हटलं, झकास.

बोळातला_बोका

त्यांनी हा धागा वाचला तर?

निवृत्त_कारकून

तो इंग्रजीत वाचतो.

घाटमाथा

उपद्व्यापीताईंच्या सांगण्यावरून ड्रायव्हर एक आवृत्ती मागे नेला आणि ॲक्सिलरेशन चालू केलं. काळं झालं नाही. आता ऑफिसात व्हिडिओ बघायला वेळ मिळतोय.

नवखी_वाचक

उत्तम धागा. माझं थोडं वेगळं आहे. लॅपटॉपला टीव्ही जोडला की फक्त फुल स्क्रीनमध्ये चित्र मधूनच फाटल्यासारखं दिसतं, आडवी चीर पडते. कोडेक एव्हीसी१, ड्रॉप्ड शून्य. इथेच विचारू की नवा धागा काढू?

तर्कटराव

नवा काढा. आणि पहिल्याच ओळीत मॉनिटर, टीव्ही, वायर, दिवाळीत आलेल्या भेटी, सगळं लिहा.